माझी पिशवी भंगारात गेली नाही

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी कास्टिंग तपासायचं काम करायचे. लोखंडाचा ओतीव भाग टेबलावर आला की मापाचं गेज लावायचं, कडेनं बोट फिरवायचं, चीर दिसली की लाल रंगाचा फटका मारायचा. पण लाल रंग लागला म्हणून तो भाग, आमच्या भाषेत जॉब, लगेच भंगारात जात नसे. कारण सांगावं लागे, आणि तोच जॉब दुसऱ्या टेबलावरची बाई पुन्हा तपासायची. एकीच्या शब्दावर लोखंडसुद्धा टाकायचं नाही, हा आमच्या खात्याचा नियम होता. मी तो इतका कडक पाळायचे की सुपरवायझर मला मागून ‘कोर्टाची बाई’ म्हणायचे. म्हणोत बापडे. माझ्या हातून गेलेला माल कधी परत आला नाही.

पंचेचाळिशी आली आणि माझ्या पाळीचं तंत्र बिघडलं. कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, आणि आली की थांबायचं नाव नाही. अंगातून वाफा निघायच्या. ऐन थंडीत कंपनीच्या बसमध्ये मी खिडकी उघडायचे आणि शेजारीण शाल गुंडाळून मला शिव्या घालायची. मूळचंच माझं डोकं तापट, त्यात हे. घरात सगळ्यांनी एकमतानं निदान केलं, उष्णता झालीय. माझं तिखट बंद झालं. रविवारी सगळे तांबडा रस्सा भुरकायचे आणि मी सब्जाचं पाणी पीत बसायचे. कोल्हापुरात एवढी शिक्षा फौजदारसुद्धा कुणाला देत नाही. मेडिकलवाल्यानं काही न विचारता एक गोळी दिली. तिनं रक्त थांबलं, आणि गोळ्या संपल्यावर दुप्पट सुरू झालं.

शेवटी मी आणि आमचे हे राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात गेलो. सोनोग्राफी झाली. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, “पिशवीत गाठ आहे. काढून टाकू. अंडाशयंही काढू, पुढची कटकट नको. मुलं झालीत ना? मग आता तिचा काय उपयोग?”

मी विचारलं, “गाठ केवढी आहे? रक्त तिच्यामुळंच जातंय कशावरून?”

“उद्या कॅन्सर झाला म्हणजे?” ते म्हणाले.

त्या शब्दानं मला धडकी भरली. ऑपरेशनचा दिवस ठरवूनच आम्ही बाहेर पडलो.

घरी अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या जावेला, बरंच वाटलं. नव्वदच्या दशकात, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, अंगावरून पांढरं जातंय एवढ्याच तक्रारीवर तिची पिशवी अंडाशयांसकट काढली होती. आमच्या गल्लीत तेव्हा पिशवी काढणं म्हणजे दाढ काढण्यासारखं झालं होतं. “माझी काढली की,” अक्का म्हणाली. “काय मेलो व्हय मी? तूबी सुटलीस बघ.” हे सांगताना ती भिंतीला हात धरून उठत होती. ऑपरेशननंतर लवकरच तिची हाडं दुखायला लागली होती, पण त्याचा संबंध कुणी लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कामावर एका कास्टिंगवर बारीक रेघ दिसली. मी लाल फटका मारला आणि सवयीनं जॉब दुसऱ्या टेबलाकडे सरकवला. सरकवला आणि हात तिथंच थांबला. त्या लोखंडाला दुसरं टेबल होतं, मला नव्हतं. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

घरी येऊन मी यांना सांगितलं, “मी ऑपरेशनला जाणार न्हाई. आधी दुसऱ्या डॉक्टरकडनं तपासून घेतो.”

“आणि वंगाळ काय निघालं म्हंजे? तवर येळ गेला म्हंजे?” हे म्हणाले.

यांचं चूक नव्हतं. मलाही तीच भीती होती. पहिले डॉक्टर बरोबर असतील तर माझा हट्ट माझ्याच जिवावर बेतणार होता.

दुसरी डॉक्टर शोधायची कशी? बाईमाणसानं असं कुणाला कुजबुजत विचारायचं असतं म्हणे. मला कुजबुजता येत नाही. मी कंपनीच्या बसमध्ये उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “पाळीच्या दुखण्याला आधी तपासून मग बोलणारी डाक्टरीण कुणाला ठावं हाय का?” पुढं बसलेले पुरुष एकदम खिडकीबाहेरचा ऊस बघायला लागले. मागून मलकापूरकडची एक बाई म्हणाली, “माझी नणंद जात्या एकीकडं. कागद वाचून दाखवत्यात म्हणं पेशंटला.”

त्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर पिशवी काढून दाखवली, गाठ कुठं आहे ते दाखवलं. वाटाण्याएवढी होती. “पाळी जायच्या आधी काही वर्षं असं होतं,” त्या म्हणाल्या. “पण तुमचं तेच आहे असं धरून चालायचं नाही. आधी बघू.” रक्त तपासलं, पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. तो रिपोर्ट येईपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. मी ऑपरेशन टाळलं म्हणून अक्का माझ्याशी बोलेनाशी झाली होती.

रिपोर्ट चांगला आला. रक्त मात्र फार कमी झालं होतं. लोहाच्या गोळ्या, रक्त आवरायचं औषध आणि ठरावीक काळानं पुन्हा तपासणी, एवढ्यावर भागलं. “तिखटानं वाफा वाढतात असं दिसलं तर कमी करा, नाहीतर खुशाल खा,” बाई म्हणाल्या. त्या रविवारी मी रस्सा तीनदा मागून घेतला. पुढं पाळी गेली, तीही मुकाट्यानं.

मग बायका मला बसमध्ये गाठून विचारायला लागल्या, आणि याचा मला अभिमान वाटतो, उगाच का लपवू. ऑपरेशन करू नका असं मी कुणालाच सांगितलं नाही. कारण विचारा आणि दुसरीकडं दाखवा, एवढंच सांगितलं. एकीला तपासणीनंतर खरंच पिशवी काढावी लागली, तेव्हा तिच्या उशाशी मीच बसले होते.

एक दिवस अक्का आपणहून म्हणाली, “माझीबी हाडं दाखवूया की तुझ्या बाईला.” बाईंनी तपासलं. इतक्या लवकर अंडाशयं काढली की हाडं ठिसूळ होतात, हे समजावलं, औषध लिहून दिलं. निघताना अक्का दारात थांबली.

“बाई, माझी काढायला पायजे हुती काय?”

बाई म्हणाल्या, “जुने कागद नाहीत, त्यामुळं तेव्हाचं मला सांगता येणार नाही. पण नुसतं पांढरं जातं म्हणून मी काढली नसती.”

रिक्षात अक्कानं औषधाची चिठ्ठी घडी करून पदराच्या टोकाला बांधली. घर जवळ आलं तेव्हा तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “आपल्या घरात एकीची तरी ऱ्हायली.”