नडगीचं दुखणं

बाहत्तर साली अकोले तालुक्यातल्या एका दवाखान्यात मी कारकून होतो. रोग्यांना छापील प्रश्न विचारून फॉर्म भरायचे, हे माझं काम. एका दुपारी डोंगरातल्या वाड्यांवर टपाल वाटणारा एक उंच, वाळका माणूस आला. हलकं काम मिळावं म्हणून त्याला डॉक्टरांची चिठ्ठी हवी होती. बाकावर बसून तो अंगठ्यांनी दोन्ही नडग्या दाबत होता.

सकाळपासून तेच विचारून मी कंटाळलो होतो.

"चालताना दुखतं?"

"व्हय."

"बसल्यावर?"

"बसल्यावर बी. रातीला लई."

"दुखण्यामुळं कधी काम थांबलं?"

"न्हाई साहेब. पाय दुखत्यात म्हनून थांबायचं आस्तं, हे आमाला कुनी सांगितलंच न्हाई."

मी 'नाही'वर खूण केली. ती पाहून डॉक्टरांनी दुखणं किरकोळ ठरवलं आणि चिठ्ठी दिली नाही. तो भिंतीला धरून उठला, पिशवी खांद्याला अडकवली आणि हळूहळू चढाच्या वाटेला लागला.

फॉर्मच्या तळाशी शेऱ्यासाठी चार ओळी होत्या. त्याचं ते वाक्य तिथं लिहिलं असतं, तर डॉक्टरांनी त्याला आत बोलावून तपासलं असतं. मी त्या कोऱ्याच ठेवल्या होत्या.