डावा पाय

एसटीतली ड्रायव्हरकी संपली आणि डोळ्यांमुळे गाडी चालवणंही सुटलं. उरला कॉम्प्युटरवरचा ट्रकचा गेम. आता तोही जाणार होता, कारण जुनं विंडोज बंद होत होतं आणि माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर नवं चढेना. विंडोजऐवजी लिनक्स फुकट मिळतं, पण त्यावर गेम चालत नाहीत, असं जो तो सांगे.

शेवटी सीपीयू मांडीवर घेऊन एरंडोलहून जळगावला गेलो. दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटरचं काहीच विचारलं नाही. शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत म्हणाला, "कोणता गेम खेळतस, आबा?" मग लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून त्याने त्यावरच माझा गेम सुरू केला. "आधी चालाडी दखा. पसंत पडनं तरच टाकसू."

बाणाची बटणं दाबत मी ट्रक घाटात घातला. कुठे अडेना. तो मात्र पडद्याकडे बघतच नव्हता, वाकून टेबलाखाली बघत होता. मला वाटलं, वायर सैल झाली.

"जमनं," तो सरळ होत म्हणाला. "दर वळणले तुमना डावा पाय क्लच दाबस."

खाली पाहिलं. पायाखाली नुसती फरशी होती. कित्येक दिवसांनी छाती मोकळी झाली. तेवढ्यात पुढचं वळण आलं आणि मी क्लच दाबला.