शेरा, साहेब, शेरा

शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण चालू होतं. स्लाइड पुढे सरकवायचं काम माझ्याकडे होतं.

"साहेब, फीडबॅक म्हणजे काय?" प्रशिक्षक मॅडमनी विचारलं.

शाळाशाळांतून मुलांना उभं करणारे साहेब स्वतः उभे राहिले आणि हळूच शेजारी बघू लागले. त्यांच्या हाताखालचे सगळे केंद्रप्रमुख बघत होते. शेजारच्या केंद्रप्रमुख बाई तोंडावर पदर धरून पुटपुटल्या, "शेरा, साहेब, शेरा."

"शेरा!" साहेबांनी ठणकावून सांगितलं.

"शेरा लिहून आपण निघून जातो, साहेब," मॅडम म्हणाल्या. "फीडबॅक द्यायला थांबावं लागतं."

"मॅडम, यांनीच सांगितलं!" साहेबांनी शेजारच्या बाईंकडे बोट दाखवलं.

सगळे हसले, साहेबसुद्धा.

मला शाळेतली बाकावरची शेजारीण आठवली. आमच्या वर्गात मराठी बोलायला बंदी होती, तरी ती वहीआडून मराठीतच उत्तर कुजबुजायची. तिची निम्मी उत्तरं चुकायची, पण त्या बाकापाशी उभं राहताना मला कधी एकटं वाटलं नाही. नोकरीत मला असं कुजबुजणारं कोणी भेटलं नव्हतं.

"पुढची स्लाइड?" मॅडम माझ्याकडे वळल्या. पडदा काळा झाला होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी नुसती बटणं दाबत राहिले.

पदराआडून हळूच आवाज आला, "वायर सुटलीय गं."