खार्तूमचा लिंब

झाडं लावायच्या उद्योगात पडलं की झाडं जगोत न जगोत, किस्से मात्र बिनपाण्याचे वाढतात! घोटावड्याच्या शाळेत मी बाई. लवळ्याच्या कॅम्पसमध्ये शिकणारा सुदानचा अम्मार आमच्याकडे यायचा. त्याची धाकटी बहीण हिबा खार्तूमच्या शाळेत. दोन्ही शाळांनी झाडं लावायची आणि व्हिडिओ कॉलवर एकमेकांना दाखवायची, ही त्याचीच आयडिया.

पहिल्या कॉलला आमची सातवीतली सारिका इंग्लिश पाठ करून बसलेली. हिबाने कॅमेऱ्यासमोर रोप धरलं आणि सारिका सगळं इंग्लिश विसरली.

"बाई, ह्यो तर आपला कडू लिंब हाय! एवढ्या लांब जाऊन बी लिंबच?"

अम्मारला अर्थ सांगितला, त्याने तिकडे सांगितला. तिकडचा अख्खा वर्ग हसला!

* * *

आम्ही टेकडीवर रोपं लावली, कुंपण घातलं. सारिकाची आई बायजाबाई शेरडं घेऊन समोर उभी.

"झाडं लावा की! पन माझ्या शेरडांनी काय तुमचं फोटू खायाचं?"

कुंपण मागे घ्यावं लागलं.

* * *

उन्हाळ्यात वणवा लागला. टेकडी काळीठिक्कर, आणि नेमका दुसऱ्या दिवशी कॉल. पोरं म्हणाली, "जुना व्हिडिओ दाखवू." सारिकाने सरळ मोबाइल जळक्या काटक्यांवर फिरवला.

हिबाने ते पाहिलं. मग भावाकडून तिने निरोप दिला, "माझं रोप आहे अजून. ते आता दोघींचं."

* * *

मग तिकडे लढाई पेटली. ठरल्या वेळी पोरं स्क्रीनसमोर बसली. रिंग वाजत राहिली.

"तितं रेंज न्हाई का ओ दादा?" सारिकाने विचारलं.

"रेंज नाही," अम्मार म्हणाला. तेवढं मराठी त्याला येत होतं.

पुढच्या वेळीही पोरं बसली. अम्मारच आला नाही.

* * *

अम्मारच्या खार्तूमच्या घरावर तोफगोळा पडला होता. हिबा गेली. मी वर्गात सांगितलं, सारिकाने घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायजाबाई शाळेच्या दारात. फडक्यात पिठलं-भाकरी बांधलेली.

"त्याच्या खोलीवर चूल पेटली नसंल. कुटं ऱ्हातो त्यो?"

स्कूटरवर बसवून तिला लवळ्याला नेलं. होस्टेलच्या गेटवर वॉचमनने अडवलं.

"किससे मिलना है? आप कौन लगती हो उसकी?"

बायजाबाईने पदर सारखा केला.

"शेजारीन."