बाटलीवर नाव कडेगावचंच

अन्याय झाला तो माझ्या आत्तीवर. गेल्या वर्षी, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकराला, साताऱ्यातल्या एका नव्या हॉटेलच्या एसी खोलीत. तिथं तिची वाईन सहा बाटल्यांत पहिली आली आणि पाचच मिनिटांत, गावाचं नाव कळल्यावर, बाजूला सारली गेली. मी तिथंच बसले होते. घड्याळ बघितलं होतं, कारण पत्रक लिहिणाऱ्यानं आधी वेळ टिपावी, हे मला कॉलेजातल्या पहिल्याच मोर्चात शिकवलं होतं.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. कडेगाव तालुक्यात चहूकडं ऊस, आणि त्यात तिचा दीड एकराचा मुरमाड तुकडा. तिथं ऊस कधी कंबरेच्या वर गेला नाही. म्हणून तिनं वाईनची काळी द्राक्षं लावली. अख्खं गाव बघायला आलं. आमच्याकडं द्राक्ष म्हणजे खायचं द्राक्ष. मणी अंगठ्याएवढा फुगला नाही तर बागायतदाराला घास जात नाही. हिच्या वेलीला मात्र करवंदाएवढे मणी, आणि त्यातही बिया.

"वैनी, खत घालायचं इसरलाय व्हय?" शेजारचा बागायतदार म्हणाला.

"घातलं हुतं. तुमची नजर लागली," आत्ती म्हणाली.

तिचे मालक, म्हणजे माझे मामा (आमच्याकडं आत्तीच्या नवऱ्याला मामाच म्हणतात), फौजेतून हवालदार होऊन परतलेले. मिलिटरी कॅन्टीनच्या रमपलीकडं त्यांना काही ठाऊक नव्हतं. ते बांधावर उभे राहून फक्त एवढंच म्हणायचे, "करा. मी पहारा देतो."

पहिल्या तोडणीला आत्तीनं सावड लावली. आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या, अशी ती पद्धत. ऊन चढायच्या आत अकरा बाया आल्या. सगळ्यांची हयात निर्यातीच्या बागांत गेलेली. आत्ती त्यांना "तोडा" म्हणाली आणि टेम्पो आणायला गेली. शेजारच्या तालुक्यातल्या लहानशा वायनरीत तिनं टाकी भाड्यानं घेतली होती, तिथं माल सकाळीच पोचवायचा होता. दोन तासांनी परत येते तर अर्धी बाग अजून वेलीवरच, आणि बाया लिंबाखाली गोल करून बसलेल्या. प्रत्येकीच्या मांडीत एक घड, हातात घडातले जादा मणी काढायची बारकी कात्री. सुकलेला मणी काप, चिरलेला काप, हिरवट राहिलेला काप. क्रेटमध्ये खाली कागद आणि त्यावर घड एकेक करून निजवलेले.

आत्तीनं कपाळावर हात मारला. "अगं बयांनो, हे चिरडायचं हाय. नवरीगत काय नटवताय?"

त्यातली सगळ्यात वडील बाई मान वर न करता म्हणाली, "चिरडायचं असलं म्हणून काय झालं? सडका मणी माझ्या हातातनं फुडं जात न्हाई. तू खुशाल चिरड, आमी बघाय येत न्हाई."

टेम्पो दुपारी पोचला. वायनरीवाला आत्तीवर चिडला, आत्ती बायांवर चिडली, बाया कुणावरच चिडल्या नाहीत. त्या भाकरी खात होत्या.

वर्षानं पहिली बाटली आत्तीच्या सोप्यात उघडली. सुक्कं मटण केलं होतं. काचेचे ग्लास घरात नव्हते, म्हणून स्टीलच्या कपातून वाईन. निम्म्या बायांनी नुसता वास घेतला, निम्म्यांनी वास घ्यायचं सोंग करून कप रिकामा केला. मामांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "ह्यात दम न्हाई." आणि कप पुढं केला.

"दम न्हाई तर परत कशाला मागताय?"

"खात्री कराय."

त्या दुपारी आम्ही जेवढं हसलो तेवढं मी कुठल्याही विजयी सभेत हसले नाही. आणि तीच वाईन घेऊन आम्ही साताऱ्याला गेलो.

हॉटेलसाठी वाईन निवडणारे गृहस्थ पुण्याहून आले होते. बोलायला गोड. भारी वाईनच्या बाजारात आता जुन्या नामांकित मुलखांवरून गिऱ्हाईकांची नजर उठलीय, असं ते सांगत होते. लोकांना नवं गाव हवं, नवा डोंगर हवा. "ज्या जागेचं नाव आज कुणाला माहीत नाही, तिथलीच वाईन उद्या मोठी होणार." हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.

मग सहा बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मांडल्या. कोणती कुणाची, कुणाला दिसू नये म्हणून. चौथ्या ग्लासाशी ते थांबले. जांभूळ लागतंय म्हणाले, मिरी लागतेय म्हणाले. "आणि इतकी स्वच्छ! मणी निवडायला यंत्र असणार यांच्याकडं. बाहेरून मागवलेलं." सहाही चाखून झाल्यावर परत चौथ्यावर आले आणि तिला पहिला नंबर दिला.

कागद निघाला. लेबलावर आत्तीनं ठसठशीत अक्षरांत लिहून घेतलं होतं: कडेगाव.

"कडेगाव? म्हणजे तो उसाचा भाग?" ग्लास खाली गेला. "ताई, वाईन छान आहे. पण हॉटेलच्या वाईनच्या कार्डावर हे नाव शोभणार नाही. कुणाला माहीतच नाही हो. एखादं परदेशी वाटेलसं नाव घाला, मी आहे तेवढा सगळा माल घेतो."

सगळा माल. नाही म्हटलं तर पुढच्या हंगामात द्राक्षं मोठ्या कंपनीच्या टाकीत ओतावी लागणार होती, दहा गावांच्या रसात. हे आत्तीला माझ्यापेक्षा नीट कळत होतं.

"पोराचं बारसं झालंय, सायेब," ती म्हणाली. "आता नाव बदलत न्हाई." आणि बाटली त्याच कागदात गुंडाळून पिशवीत घातली.

जिन्यात माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार होता. तिला म्हटलं, उद्या छापते, परवा वाटते.

"तुझं पत्रक वाचून कुणाला तहान लागलीय का आजवर?" असं म्हणून ती माघारी वर गेली. दारातूनच त्यांना म्हणाली, "ते यंत्राचं इचारत हुतासा न्हवं? फेब्रुवारीत तोडणीला या. दाखवते."

यंत्र बघायला ते या फेब्रुवारीत खरंच आले. बायांनी पोतं टाकून बसवलं, मांडीत घड दिला, हातात कात्री दिली. "पाव्हणं, मणी कापा, बोट नगं." त्यांनी घाईत एक धडधाकट मणी कापून टाकला. थोरली बाई तत्काळ म्हणाली, "आवं, चांगला हुता की. कडेगावचा हाय म्हणून टाकला व्हय?"

सगळं रान हसलं. ते कानापर्यंत लाल झाले, मग स्वतःही हसले, मातीतला मणी उचलला, शर्टाला पुसून खाल्ला. तासाभरात त्यांचा एक घड झाला. बाईनं तो उलटापालटा करून बघितला. "ह्ये यंत्र बिघडलंय, माघारी पाठवा." जाताना त्यांनी आत्तीला स्वतःहून शब्द दिला: नाव आहे तेच राहील.

गेल्या आठवड्यात हॉटेलचं नवं कार्ड आलं. मामांनी ते परेडचा हुकूम वाचावा तसं उभं राहून वाचलं. आधी फ्रान्स, मग इटली, मग आणखी कुठले कुठले देश. शेवटच्या पानावर, तळाशी, 'इतर' या शब्दाखाली: कडेगाव.

"शेवटच्या रांगेत का असंना, हजेरी लागली," मामा म्हणाले. बायांनी कप काढले. मी मात्र 'इतर' वर अडकून बसले होते. नंबर पहिला आणि जागा तळाला?

आत्तीनं माझ्या हातात कप दिला. "आता लिही पत्रक," ती म्हणाली. "पण तहान लागंल असं लिही."

तर लिहिलंय. आता काम तुमचं. साताऱ्यात वाईनचं कार्ड पुढ्यात आलं की पहिली पानं सोडा, शेवटचं उघडा, आत्तीची बाटली मागवा. प्या. मग 'इतर' या शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, हे गाव इतर कसं? उत्तर मिळेपर्यंत बोट उचलू नका.