कारवारच्या हिशेबानं सॅन फ्रान्सिस्को

चहा यायच्या आत सांगून टाकतो. चहा पोटात गेला की माणूस आपल्या गाढवपणाला साखर लावायला लागतो, आणि माझा हा गाढवपणा बिनसाखरेचाच बरा आहे. हसायचं असेल तर हसा. घरचे अजून हसतायत, त्यात तुमची भर.

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसांचा मला पहिल्यापासून तिटकारा, हे तुम्हाला ठाऊक आहे. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात माझं साड्यांचं दुकान. दिवसाआड एखादं गिऱ्हाईक असं येतंच, की ज्याचा मुलगा तिकडे. इरकल बघायला येणार आणि सल्ला देऊन जाणार. "अण्णा, तुमचा सागर सॅन फ्रान्सिस्कोला ना? उन्हाळ्यात जाणार असाल तर स्वेटर घ्या हं." उन्हाळ्यात, समुद्रकाठी, स्वेटर. आणि हे सांगणार कोण? जे धारवाडात एक सर पडली की कानटोपी घालून दूध आणायला निघतात ते. यांच्याकडून मी हवामान शिकायचं?

माझा हिशेब सरळ होता. आपण राहतो वर, समुद्र आहे खाली. घाट उतरून कारवारला गेलं की अर्ध्या तासात शर्ट पाठीला चिकटतो. अंकोल्याला तेच, गोव्याला तेच. समुद्र म्हणजे घाम, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. आता अमेरिकेत गेला म्हणून समुद्राचा स्वभाव बदलणार आहे का?

सागरला मुलगा झाला होता. बारसं आम्ही जूनपर्यंत थांबवून ठेवलं, कारण मी आणि व्याही दोघे जाणार होतो. विहीणबाई बाळंतपणासाठी आधीच तिकडे पोचल्या होत्या, आणि माझी बायको सुमन गुडघ्यांमुळे विमानात बसायला तयार नव्हती. निघायच्या आधी सागरचा फोन आला.

"अप्पा, गरम कपडे आणा. इथं जून-जुलैत धुकं असतं. आतला मुलूख तापला की समुद्रावरचं धुकं गावात ओढलं जातं. ऊन पाहिजे असेल तर सप्टेंबरात यायला पाहिजे होतं."

"मला भूगोल शिकवू नकोस," मी म्हटलं. "तुला कारवार कुणी दाखवलं?"

तो गप्प बसला. माझ्या मुलाची चांगली सवय म्हणजे तो गप्प बसतो, आणि वाईट सवय म्हणजे तो बहुतेक वेळा बरोबर असतो. वर मी त्याला फर्मानही सोडलं की बारसं त्या खुराड्यासारख्या फ्लॅटमध्ये नको, समुद्रकाठच्या बागेत उघड्यावर करायचं. मुलाचा बाप मी. माझा शब्द कोण मोडणार?

आता आमच्या व्याह्यांबद्दल सांगतो. बोंगाळे. धारवाडात सुभाष रोडला भांड्यांचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. माणूस इतका सौम्य की दुकानात पातेलंसुद्धा आवाज न करता ठेवतो. मुलीचा बाप असल्यानं माझ्यासमोर तर तोंडातून एकच वाक्य निघतं, "इरली बिडरी." म्हणजे असू द्या हो, सोडा. लग्नात आमच्या लोकांनी जेवणाला नावं ठेवली, तेव्हाही इरली बिडरी. मला हा माणूस कायम थोडा बुळा वाटत आलेला. लपवून काय उपयोग, वाटायचा.

निघायच्या आदल्या दुपारी ते बॅग घेऊन हुबळीला आमच्याकडे आले. मी ती उघडली. मला दुसऱ्याची बॅग उघडायचा हक्क कुणी दिला, असं विचारू नका. वरच्या बाजूला शेंगांची चटणी, कडक भाकऱ्या, धारवाडचा पेढा, सगळं छान. आणि खाली काय? दोन स्वेटर, मफलर, लोकरीचे मोजे, कानटोपी, आणि तळाशी कागदात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेलं एक जाड पुडकं.

"बोंगाळे, कुठं निघालात? हिमालयात?"

"थंडी सोसत नाही ओ मला, अण्णा."

"जून महिना आहे. समुद्र आहे. कारवारला कानटोपी घालता का?"

"कारवारला नाही घालत ओ."

"मग झालं." मी एकेक काढून पलंगावर टाकत गेलो. शेवटी पुडक्याला हात घातला, तसा त्यांचाही हात पुढं आला.

"तेवढं एक असू द्या की ओ, अण्णा."

"काय आहे त्यात?"

"लोकरीचंच आहे, पण ते..."

"लोकरीचं ना? मग विषय संपला. म्हाताऱ्यांचं ओझं नुसतं." मी ते पुडकं सुमनच्या हातात दिलं आणि रिकाम्या जागेत आणखी चटणी भरली. बोंगाळे पुडक्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "इरली बिडरी."

आयुष्यभर कापड विकलेला माणूस मी. कागद उघडूनसुद्धा बघितला नाही.

तर उतरलो. विमानतळाचं दार उघडलं, बाहेर आलो, आणि वारा असा अंगावर आला की अर्ध्या बाह्यांचा माझा शर्ट वर उडून बनियन दिसायला लागला. सागरनं लगेच स्वतःचं जाकीट काढून पुढं केलं.

"नको," मी म्हटलं. "मस्त गार आहे. प्रवासाचा शीण गेला."

इथंच सगळं फसलं बघा. मला थंडी वाजते हे कबूल करणं म्हणजे बोंगाळ्यांची कानटोपी बरोबर आणि मी चूक, हे कबूल करणं. मी नाही म्हटल्यावर बोंगाळे तरी कसे हो म्हणणार? मुलीचा बाप. दोघेही कुडकुडत गाडीत बसलो आणि 'हवा छान आहे' असं एकमेकांना सांगत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सागर पूल दाखवायला घेऊन गेला. तो जगप्रसिद्ध लाल पूल. काय दिसलं म्हणता? खांबाचे पाय दिसले. वरचं सगळं धुक्यात. लोक विमानाचे पैसे भरून जगाच्या दुसऱ्या टोकाहून येतात आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून घेतात. मी म्हटलं, थांबू या, दहा वाजता फाटेल. आपल्याकडे धारवाडात कसं, पहाटे धुकं आणि नाष्ट्याला ऊन. दहा वाजले. अकरा वाजले. धुकं फाटायचं सोडून खाली उतरलं आणि माझ्या कॉलरमध्ये शिरलं.

"अप्पा, ओठ निळे पडलेत तुमचे," आमची सूनबाई अश्विनी म्हणाली.

"जांभळं खाल्ली असतील," मी म्हटलं. जांभळं तिथं कुठून येणार?

बोंगाळे शेजारी कठड्याला धरून उभे होते. हळूच कन्नडमध्ये म्हणाले, "भाळ थंडी ऐत्री." फार थंडी आहे हो. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

तिथं मी एक गोष्ट मात्र बघून ठेवली. चड्ड्या घालून आलेले प्रवासी, हजारोंनी. थेट माझ्यासारखेच शहाणे. आणि सगळ्यांच्या अंगावर एकसारखा जाड स्वेटशर्ट, छातीवर ठळक अक्षरांत गावाचं नाव. तिथल्याच नाक्यावरच्या दुकानात सगळ्यांनी घेतलेला. मी सागरला म्हटलं, "बघ ही मेंढरं. घरून निघताना अक्कल नाही, म्हणून इथं येऊन छातीवर गावाचं नाव लावून हिंडतात. आपण हुबळी लिहून फिरतो का गोकुळ रोडवर?" सागर गप्प बसला. त्याची ती सवय मी सांगितलीच.

मग दोन दिवसांनी, सागर कामावर आणि बाकीचे दुपारी झोपलेले असताना, मी चालायला म्हणून बाहेर पडलो. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मेंढरांच्या दुकानात गेलो. निळा घेतला, टोपीचा. अंगात घातला आणि देवाशपथ सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. किंमत विचारू नका, तेवढ्यात आमच्याकडे बरी इरकल येते. घरी येऊन तो ट्रंकेत लपवला आणि जेवताना पुन्हा हवेचं कौतुक केलं. समोर बोंगाळे शालीसारखा टॉवेल लपेटून बसले होते, आणि मला लाज वाटायच्या ऐवजी हसू येत होतं. असा मी माणूस.

बारशाचा दिवस. बाग अगदी पाण्याला लागून, वारा समोरून. सागरचे मित्र कुटुंबांसकट आले, सगळे फुगीर जाकिटांत. बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, फक्त नाक बाहेर, सगळ्यांत सुखी तेच. मी पांढरा तलम रेशमी झब्बा घातला होता, आणि आतून तो निळा. झब्ब्यात मी जरा पैलवान दिसत होतो, पण म्हटलं कुणाच्या लक्षात येतंय?

सागरला बहीण नाही, म्हणून बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचा मान मी स्वतःकडे घेतला. आत ऊब होती, तरी दातांना काही स्वेटशर्ट घालता येत नाही. मी नुसतं तोंड कानाजवळ नेलं, कुर्र आपोआप झालं आणि थांबेचना. बायका पदराआड हसायला लागल्या. बाळाचं नाव ईशान. त्याच्या कानात किती 'ई' गेले ते त्यालाच ठाऊक.

मग आहेर. आम्ही सूनबाईला साडी दिली, बाळाला चेन घातली. आता व्याह्यांनी मला द्यायचं. बोंगाळे पुढं आले, वाकले, आणि माझ्या ओंजळीत नारळ ठेवला.

मी वाट बघितली. काही नाही. नुसता नारळ. एवढ्या माणसांसमोर, पहिल्या नातवाच्या बारशाला, मुलाच्या बापाला कोरडा नारळ. दुपारपर्यंत गोठलेलं माझं डोकं एका क्षणात तापलं.

"बोंगाळे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्याकडे व्याह्याची नारळावर बोळवण करत नाहीत. ऐपत नसेल तर रुमाल तरी ठेवतात वर."

विहीणबाई काही बोलणार होत्या, पण बोंगाळ्यांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. टॉवेल गळ्याभोवती नीट करत ते मला म्हणाले, "इरली बिडरी, अण्णा." अश्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते वाऱ्यानं आलं असं मी स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात सागरनं प्रसंग सावरायला म्हणून सुमनला व्हिडिओ लावला. तिकडे हुबळीत रात्र झालेली, पाऊस लागलेला, बाई जागीच. फोन सगळ्यांसमोर धरला. आणि बघतो तर काय, ही झोपाळ्यावर बसलेली, अंगावर दाट लोकरीची शाल. काश्मिरी, काठाला हातानं केलेली वेलबुट्टी. असला माल माझ्या दुकानात मी फक्त काचेआड ठेवतो.

"ही कुठली शाल?" मी विचारलं.

"अहो, तुम्हीच नाही का दिलीत? म्हाताऱ्यांचं ओझं म्हणून. पावसानं गारठा आला म्हणून काल पुडकं सोडलं, तर आत ही. आणि वर चिठ्ठी, 'बाळाच्या आजोबांना बारशाचा आहेर'. मी म्हटलं, आजोबा तर गोव्याच्या हवेत मजा करतायत, त्यांना काय करायची."

मी बोंगाळ्यांकडे बघितलं. ते समुद्राकडे बघत होते, म्हणजे जिथं समुद्र असावा तिथल्या धुक्याकडे.

"तुम्ही तेव्हा सांगायचं नाही का ओ?" मला एवढंच सुचलं.

"आहेर आधी कसा सांगायचा ओ," ते म्हणाले. "आणि तुम्ही काढून ठेवल्यावर मी परत भरायचा, ते बरं दिसतं का?"

खरं सांगतो, तेव्हा मात्र मला लाज वाटली. मी खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मुलाचा बाप मुलीच्या बापाच्या पाया पडतोय म्हटल्यावर ते घाबरून मागं सरकले आणि मला दंडाला धरून उठवायला लागले. उठवता उठवता त्यांची नजर माझ्या छातीवर खिळली. धुक्यानं झब्बा चिंब होऊन अंगाला चिकटला होता, आणि तलम रेशमातून आतली अक्षरं लख्ख दिसत होती. गावाचं नाव, खाली पुलाचं चित्र. नंतर कळलं, सकाळपासून सगळी पाहुणेमंडळी ते वाचत होती. पूल नीट दिसला तो मला नाही, त्यांना, माझ्या छातीवर.

"अण्णा," बोंगाळे हळूच म्हणाले, "मला पण एक मिळंल का ओ असलं?"

त्याच संध्याकाळी घेऊन दिलं. त्यांचा हिरवा. विहीणबाईंनी आमचा दोघांचा एक फोटो काढलाय, मेंढरं म्हणून दाखवायला उत्तम आहे.

शालीचं काय झालं? सुमननं ती अजून दिलेली नाही. म्हणते, टाकलेल्या वस्तूवर हक्क नसतो. त्यामुळे या गारठ्यात माझ्या अंगावर काय आहे ते तुम्ही समोरून बघताच आहात. काल दुकानात एक गिऱ्हाईक विचारत होतं, "अण्णा, जूनमध्ये मुलाकडे निघालोय, तिकडे स्वेटर लागतो का हो?" मी नुसती कोटाची बटणं सोडली आणि त्याला छाती वाचायला दिली.