बराखीशेजारची शेड

माझी गाडी जुनी आहे आणि मी तिची तिसरी मालकीण. हे आधीच सांगते, कारण माझ्या धाकट्या जावेची गाडी अक्षय्य तृतीयेला शोरूममधून आली, बॉनेटवर लाल रिबीन बांधून, आणि निमगाव सावातल्या आमच्या अंगणात त्या दिवशी पन्नासेक माणसं पेढे खाऊन गेली. माझी आली तेव्हा सासूबाईंनी चाकांखाली लिंबं ठेवली, मी ती चिरडली आणि तशीच कामावर गेले.

माझं काम अंगणवाड्यांची पाहणी करायचं. आठवड्यातून दोनदा तळेघरच्या बाजूला डोंगरातल्या वाड्यांवर जावं लागतं. तिकडे एसटी आहे, पण ती तिच्या सोयीने येते. नऊ वर्षं मी जीपच्या टपाखाली दहाव्या माणसासारखी कोंबून गेले, उरलेलं चालले, आणि बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. घरच्यांना वाटलं, आठ दिवसांत सोडेल. डिंभ्याच्या पुढच्या चढावर मागे ट्रक, पुढे खड्डा आणि मध्ये आपण, अशा वेळी हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायला मला तीन महिने लागले. डावा गुडघा त्यातच गेला.

जावेच्या गाडीला क्लचच नाही. डावा पाय नुसता बसून राहतो, पाहुण्यासारखा. मागे घेताना पडदा लागतो, मागचं सगळं दिसतं, रेषा आखून येतात, भिंत जवळ आली की गाडी स्वतःच ओरडते. मला मागे घ्यायची तर मान वळवावी लागते, आणि माझ्या मानेत गॅप आहे. माझा एसी फक्त चारवर चालतो. ड्रायव्हरची काच वर जाते, पण तिला हाताने धरून आधार द्यावा लागतो. हे सगळं मी सात वर्षं कुरकुर न करता चालवलं. तिची गाडी आली आणि तेव्हापासून मला यातली एकेक गोष्ट रोज टोचायला लागली. ती नारायणगावला क्लासला जाऊन एकवीस दिवसांत शिकली. एकवीस.

तिची गाडी बहुतेक उभीच असायची. कांद्याचं शेत घरामागेच, बाजार गावात, तिला जायचं कुठं होतं? रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायची आणि वर कव्हर घालायची. मी चिखलाने भरलेली माझी गाडी तिच्या शेजारून काढायचे.

त्यात शेडचा विषय निघाला. अंगणाच्या कडेला आमची कांद्याची बराखी आहे. दोन्ही बाजूंनी हवा खेळावी म्हणून फटी ठेवलेली लांबडी साठवण, तीत उन्हाळी कांदा चार-पाच महिने राहतो. तिला लागूनच पत्र्याची शेड आहे आणि तिच्यात एकच गाडी मावते. सात वर्षं माझी तिथे उभी राहायची. मे महिन्यात धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, नव्या गाडीचा कलर जातोय उन्हात. शेडचं काय करायचं?"

"घ्या की. माझीचा कलर जायचा तेवढा जाऊन झालाय."

सासूबाई चार घरांत सांगून आल्या, थोरलीचं मन मोठं आहे म्हणून. यजमान मात्र रात्रीच्या जेवणाला बसताना म्हणाले, "तिला उंदरांचं सांगितलंस का?"

"सांगेन."

बराखी आणि उंदीर यात नवीन काही नाही, ते घरात सगळ्यांना माहीत आहे. ते उंदीर पावसाळ्यात ऊब शोधत गाडीच्या इंजिनात शिरतात आणि वायरी कुरतडतात, हे मात्र फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. माझ्या गाडीच्या दोनदा कुरतडल्या. दोन्ही वेळा मी घरी एवढंच सांगितलं की वायर जळाली, कारण नाहीतर सगळ्यांनी गाडीलाच नावं ठेवली असती. दुसऱ्या वेळी घोडेगावच्या मेस्त्रीने उपाय सांगितला. पानाची तंबाखू फडक्यात बांधून बॉनेटखाली ठेवायची, महिन्याने बदलायची. बाजारातून मी ती आणते. जास्तीची पुडी समोरच्या कप्प्यात असते. त्यानंतर एक वायर गेली नाही.

त्या वासावरून एकदा सासूबाई गाडीत बसल्या बसल्या नाक मुरडून म्हणाल्या होत्या, "हिथं कोण तंबाखू खातंय गं?" मी उत्तर द्यायच्या आत मागच्या सीटवरून जाऊ बोलली, "आवो, मीच आणाया सांगितली ताईंना, खुरपणीच्या बायकांसाठी." मला तेव्हा रागच आला. माझ्या गाडीतलं उत्तरसुद्धा ही देणार. पण विषय मिटला म्हणून मी काही बोलले नाही.

तर "सांगेन" म्हटलं आणि सांगितलं नाही. मे संपला, पाऊस लागला. रोज कामाला जाताना मी शेडमधल्या त्या कव्हर घातलेल्या गाडीकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, संध्याकाळी सांगू. विसरले असं म्हणणार नाही.

मग पुतणीचा विषय आला. जावेची ही एकच मुलगी, लोणीला दिलेली. मला मुलगा आहे, मुलगी नाही. या पोरीला दहावीच्या परीक्षेला मी सोडत होते, मंचरला कॉलेजच्या ॲडमिशनला मी नेलं, बस्त्याला माझ्याच डिकीत साड्या आल्या. लग्नात तिला सासरी माझ्याच गाडीतून पाठवायचं ठरलं होतं, ऐन वेळी नवरदेवाकडची मोठी गाडी आली आणि माझीतून मानपानाची भांडी गेली. आता ती सातव्या महिन्यात होती. पहिलं बाळंतपण माहेरी. लोणीची ओटी भरून झाली होती आणि पितृपक्ष लागायच्या आत तिला आणायचं होतं. अशा कामाला आमच्याकडे भाऊ जातो, नाहीतर चुलता. जाऊ गणपतीत सगळ्यांसमोर म्हणाली, "सख्खा भाऊ न्हाई तिला. मी जाईन. मीच चालवत आणीन."

आई स्वतः गाडी चालवत लेकीला बाळंतपणाला आणते, हे आमच्या भावकीत कोणी केलं नव्हतं. सगळ्या बायकांचे डोळे मोठे झाले. मी ताटं उचलायला लागले. भावकीतली गाडी चालवणारी पहिली बाई मी. ते सात वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी नऊला जाऊ काठपदराची साडी नेसून तयार. नारळ, तांदूळ, शिदोरीची पिशवी मागच्या सीटवर. कव्हर काढलं, आत बसली, बटण दाबलं. पडद्यावर एकामागून एक पिवळे दिवे लागले आणि गाडी गप्प. परत दाबलं. पुन्हा तेच. दिरांनी बॉनेट उघडलं. मग हात घालून मूठभर कांद्याचा पाला बाहेर काढला. वाळका पाला, टरफलं, कव्हरच्याच कडेच्या चिंध्या, असं नीट गोल घरटं केलेलं. खाली वायरींची तांबडी टोकं उघडी पडलेली.

"चार महिन्यांची गाडी," दीर म्हणाले.

जाऊ गाडीतून उतरली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात तसेच ठेवून बसून राहिली.

सासूबाई म्हणाल्या, "आता काय बघत बसताय? थोरलीची गाडी काढा."

माझी किल्ली त्याआधीच माझ्या हातात होती. पर्समधून ती कधी काढली, मला आठवत नाही. बॉनेट उघडलं तेव्हाच काढली असणार.

जाऊ माझ्या शेजारी बसली, पिशवी मांडीवर घेऊन. मी गाडी चांगली चालवली, जरा जास्तच चांगली. खड्डे असे चुकवले की नारळसुद्धा हलला नाही. दुसऱ्या गिअरवर कुठे टाकायची, ब्रेक न दाबता वळण कसं घ्यायचं, सगळं तिने बघावं असं वाटत होतं. पारगावच्या पुढे रस्त्यावर मेंढरं आली. पावसाळाभर धनगरांचे कळप इकडेच असतात. मी हॉर्न वाजवला तसा पुढचा मेंढका काठी आडवी धरून काचेशी आला.

"मावशी, हारन नका वाजवू. वाजवला की मधीच थांबत्यात."

"मग काय करू?"

"काय करू नका. बंद करून बसा. त्यांचं ती जात्यात."

मी गाडी बंद केली. मेंढरं दोन्ही बाजूंनी घासत जायला लागली. जाऊ त्यांच्याकडे बघत म्हणाली, "माझीला हितं लई ओरडावं लागलं असतं. चारी बाजूंनी."

मी हसले. तीही हसली, पण लगेच तोंड फिरवून घेतलं. तिचे डोळे भरले होते. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. त्याहून जास्त बरं वाटत होतं, आणि ते लिहायला नको वाटतंय, म्हणूनच लिहिते.

लोणीला विहीणबाई दारातच होत्या. माझ्या गाडीकडे बघून म्हणाल्या, "नवीन गाडी आणणार व्हता ना? आमी शेजारणींना सांगून ठेवलं व्हतं."

जाऊ सरळ म्हणाली, "काढलीच न्हाई. माझा हात आजून नवा. पोटुशी पोरगी न्यायची तर ताईंसारखा माणूस पायजे. त्या डोंगरात चालवत्यात."

मी पायपुसण्याकडे बघत राहिले. गाडी बंद पडली असं ती म्हणाली असती तरी चाललं असतं.

परत निघताना पुतणी मागच्या सीटवर पाय लांब करून टेकली आणि जरा वेळात तिला झोप लागली. जावेने बडीशेप शोधायला समोरचा कप्पा उघडला. हातात तंबाखूची पुडी आली. तिने ती परत आत सरकवली, कप्पा लावला आणि मागे बघून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "ताई, येक बोलू?"

"बोल."

"आता कमी करा. आतापर्यंत मी कुणाला बोलले न्हाई. पण आता घरात बाळ येईल, तुमी त्याला घेणार, मुके घेणार. वास येतो."

मला कळेना. "कसला वास?"

"तंबाखूचा. दोन वर्सं म्हाईत हाय मला. डाक्टरकडं नेलं व्हतं ना मला, तवाच दिसली पुडी. म्हणलं, येकटी बाई डोंगरात हिंडती, लागली आसंल सवय. आत्याबाईंना वास आला तवा मी म्हणूनच मधी बोलले. ह्यांना बी सांगितलं न्हाई."

समोर पुलाचा चढ होता. मी दुसरा टाकायच्या ऐवजी चौथा टाकला आणि गाडी पुलावर धक्के देत बंद पडली. इतक्या वर्षांत चढावर माझी गाडी बंद पडली नव्हती. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. मी हँडब्रेक ओढला.

"मी खात नाही ती," मी म्हणाले. "उंदरांसाठी आहे. फडक्यात बांधून बॉनेटखाली ठेवते. वायरी कुरतडत नाहीत."

ती पुडीच्या कप्प्याकडे बघत राहिली. मी गाडी चालू केली, पूल ओलांडला. पुलापलीकडे तिने विचारलं, "कवापास्नं?"

"तीन वर्षं."

"म्हंजी शेड दिली तवा तुमाला म्हाईत व्हतं."

"होतं."

ती रागावली असती, ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे सात वर्षांची उत्तरं तयार होती. पारगाव आलं, गेलं. मागे पुतणी जागी झाली आणि म्हणाली, "काय गं, भांडलात का दोघी?"

"न्हाई," जाऊ म्हणाली. "ताई गाडीचं सांगत व्हत्या."

गावाची वेस आली तसं तिने विचारलं, "येका गाडीला किती लागती?"

"दोन पुरचुंड्या. एक बॅटरीजवळ, एक वायरींच्या जुडग्यापाशी. इंजिनाला टेकू द्यायची नाही, पेटेल."

"आन बदलायची कवा?"

"महिन्याने. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी."

"बरं."

तिची गाडी गॅरेजमधून दहा दिवसांनी आली. तिने ती शेडमध्ये लावली नाही, अंगणात माझ्या गाडीशेजारी लावली. शेड मोकळी राहिली. दिरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "उनात दोगींचा बी कलर जाऊ दे." यजमानांनी माझ्याकडे बघितलं, मी भाजी निवडत होते.

नोव्हेंबरात एका सकाळी पुतणीला कळा सुरू झाल्या. जावेने किल्ली उचलली. मी माझी उचलली नाही. ती म्हणाली, "ताई, पुढं बसा, मला रस्ता सांगा," खरं तर नारायणगावचा रस्ता तिला डोळे मिटून माहीत आहे. मी पुढे बसले. मागे पुतणी आणि सासूबाई. गाडी इतकी गुळगुळीत चालली की गतिरोधकावर पोरीने हूं केलं नाही. दवाखान्याच्या गल्लीत रिव्हर्स घ्यायचा होता, पडदा लागला, रेषा आल्या, आणि तिने दोन भिंतींच्या मधून एका दमात गाडी मागे घेतली. मला तिथे तीनदा पुढे-मागे करावं लागलं असतं. पुन्हा तेच जुनं टोचलं.

तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "हिच्या बी गाडीत तंबाखूचा वास येतोय की."

जावेने माझ्याकडे बघितलं आणि गप्प राहिली. या वेळी उत्तर मीच द्यायचं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं, शेडसकट. पोरीला आत नेईपर्यंत निम्मंच झालं होतं. उरलेलं बाहेर बाकावर बसून सांगितलं. मुलगी झाल्याचं सांगायला नर्स बाहेर आली तेव्हा सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या.